कॅनच्या व्हेंडिंग मशीनमधून बाटल्या काढायच्या असतील तर आधी हे वाचा (जळगाव, ४ महिन्यांचा अनुभव)

आमची जळगावात पिंप्राळ्याकडे एक अभ्यासिका आहे, ६४ खुर्च्या, चोवीस तास चालू, सगळी पोरं-पोरी एमपीएससी, पोलीस भरती नाहीतर तलाठीची तयारी करणारी, बरीचशी एरंडोल, पारोळा, यावलकडून आलेली. आपल्याकडचा उन्हाळा सांगायची गरज नाही, एप्रिलपासून पारा ४४-४५ ला टेकतो आणि रात्री १ वाजता सुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागते. अशा वेळी कुणाला थंड काही हवं असेल तर खाली उतरून रोडला जावं लागायचं, रात्री दुकानं बंद, आणि मुलींनी तेवढ्या रात्री पाण्यासाठी बाहेर पडणं मला स्वतःला पटत नव्हतं. म्हणून मशीन बसवायचं ठरवलं.

नवीन मशीनचे भाव ऐकून गप्प बसलो. मग जानेवारीत मुंबईहून एक जुनं कॅनचं मशीन ३८ हजारात मिळालं, समोर मोठा लाइटचा बोर्ड, ६ बटणं, ६ कॉलम (माल रचायचे उभे खण), कॉम्प्रेसर चांगला. घेताना मागची नेमप्लेट वाचली हे एक बरं केलं, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ होतं. जुन्या बाजारात ११५ व्होल्ट ६० हर्ट्झवालं अमेरिकेचं मशीन पण येतं, ते स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, वेगळा ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं पण हर्ट्झ बदलत नाही, कॉम्प्रेसर आणि मोटारी त्या ६० वर चालायला बनवलेल्या असतात.

आता कॅनच्या मशीनमध्ये कॅनच का नाही विकले, असं बरेच जण विचारतात. एक तर ३०० मिलीचा कॅन ४० रुपयाला, आमच्या पोरांच्या खिशाला तो झेपत नाही, त्यात १० रुपयाला २०० मिलीची कॅम्पाची बाटली आल्यापासून तर कॅनकडे कुणी बघत पण नाही. दुसरं म्हणजे हे जुनं मशीन जाड्या कॅनसाठी बनलेलं, ३३० किंवा ३५५ मिलीचा, ज्याचा व्यास ६६ मिमी असतो. आपल्याकडे आता जो मिळतो तो सडपातळ कॅन, मी व्हर्नियरने मोजला तर ५७-५८ भरला. म्हणजे आजचा कॅन सुद्धा त्या मशीनला सैल होतो, एकाच्या पैशात दोन पडतात नाहीतर तिरका होऊन अडकतो. तर काहीतरी बदल करावाच लागणार होता, मग बाटलीच का नको असा विचार केला.

पहिला अनुभव वाईट, तो आधी सांगतो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘बॉटल कन्व्हर्जन किट’ म्हणून ६ हजार ५०० चा बॉक्स मागवला. आत काय, तर प्लास्टिकच्या पट्ट्या, मागे लावायचे ठोकळे आणि स्क्रूची पुडी. कुठली पट्टी कुठल्या बाटलीला हे कुठंच लिहिलेलं नाही. फोन केला तर म्हणे सगळ्या मशीनला बसतं. २ दिवस मी आणि माझ्या आतेभावाने मिळून ते बसवलं, बाटल्या भरल्या, बटण दाबलं, मोटार फिरल्याचा आवाज आला आणि बाटली काही आली नाही. परत दाबलं तर दोन आल्या. तिसऱ्यांदा तर बाटली तिरकी होऊन अर्धी लटकली आणि मोटार गुरगुरत राहिली, मेन स्विच बंद करावा लागला. पैसे परत मागितले ते आजपर्यंत आलेले नाहीत.

मग एका ओळखीच्या एजन्सीवाल्याने भुसावळचे एक मिस्त्री सुचवले. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना नाना म्हणतात, आयुष्यभर व्हिसी कूलर (दुकानातले काचेच्या दाराचे) आणि आइस्क्रीमचे डीप फ्रीझर दुरुस्त केलेला माणूस. हा रिव्ह्यू खरं तर त्यांच्या कामाचा आहे. नानांनी आल्या आल्या एकही स्क्रू उघडला नाही, आधी मला विचारलं, ‘कोणती बाटली विकायची ते ठरलं का?’ मी म्हटलं सगळ्याच, पाणी पण, २०० ची पण, २५० ची पण. ते म्हणाले, ‘भाऊ, अशानं नाही होत. एका कॉलमले एकच बाटली ठरवा, मंग मी हात लावतो.’ आणि खरोखर परत गेले, ४ दिवसांनी मी बाटल्या ठरवल्यावरच आले. तेव्हा मला जरा राग आला होता पण आता कळतंय की सगळं काम त्या एका गोष्टीवर उभं आहे.

कारण समजून घ्या. या मशीनमध्ये कॅन आडवे पडून एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक कॉलममध्ये मागे-पुढे असे दोन कॅन बसतात, ३५५ मिलीचा एक १२२ मिमी लांब, म्हणजे दोघांचे मिळून साधारण साडेचोवीस सेंटिमीटर. सगळ्यात खाली एक फिरणारा भाग असतो, नाना त्याला पाळणा म्हणतात, त्यात खालचा माल पडून असतो आणि मोटार फिरली की पाळणा वळतो आणि माल खाली सोडतो. कॅनच्या मशीनमध्ये या पाळण्याचे दोन तुकडे असतात, पुढचा आणि मागचा, आणि ते एकाच वेळी उघडत नाहीत, आधी पुढचा तुकडा कॅन सोडतो, त्यानंतरच्या गिऱ्हाइकाला मागचा. आता बाटली तर एकच आणि लांब, पुढच्या तुकड्यावरून मागच्या तुकड्यावर आडवी पसरलेली. पुढचा तुकडा उघडला, मागचा धरून बसला, की बाटली लटकणारच! माझ्या बाबतीत अगदी हेच होत होतं आणि किटमध्ये यासाठी काहीच नव्हतं.

नानांनी पाळण्याचे दोन्ही तुकडे एका रेषेत आणून पत्र्याची पट्टी मारून एक केले. मग मोटारीच्या मागे एक गोल चकती असते, तिच्या खाचेत स्विचची दांडी पडली की मोटार थांबते. कॅनसाठी त्या चकतीला एका फेरीत जास्त ठिकाणी खाचा, बाटलीसाठी कमी लागतात. हे बदललं नाही तर एखादा फेरा रिकामा जातो, पैसे घेतले आणि बाटली नाही. नानांनी जुनी चकती नमुना धरून भुसावळात लेथवाल्याकडून जाड फायबरच्या ६ नव्या चकत्या करून आणल्या. पहिल्या दोन थोड्या चुकल्या, पाळणा पूर्ण बंद व्हायच्या आधीच मोटार थांबायची आणि वरची बाटली खाली सरकायची, त्या त्यांनी स्वतःच्या खर्चाने परत बनवून आणल्या. त्याचे पैसे मी देत होतो, घेतले नाहीत.

त्यानंतर रुंदीचं काम. मी मोजलं तेव्हा २५० मिलीची बाटली जाड भागात ६० मिमीच्या आसपास, अर्ध्या लिटरची पाण्याची ६४ च्या आसपास, २०० ची त्याहून बारीक. कॉलम जर बाटलीपेक्षा जास्त रुंद राहिला तर दोन बाटल्या एकमेकीला रेटून मधेच कमान धरतात, खाली पाळणा रिकामा आणि वर ३० बाटल्या अडकलेल्या. म्हणून प्रत्येक कॉलमला बाजूने वेगळ्या जाडीची पट्टी लागते. आणि मागे ठोकळा, कारण बाटली साडेचोवीस सेंटिमीटरपेक्षा आखूड, मागे-पुढे सरकली की वाकडी होते. किटमधले ठोकळे ठिसूळ होते, नानांनी अॅल्युमिनियमच्या सेक्शनचे तुकडे कापून बसवले, तेच जे खिडक्यांना वापरतात.

अजून एक गोष्ट जी मला कधीच सुचली नसती. कॅन सगळीकडून सारखा असतो पण बाटली मानेकडे हलकी आणि बुडाकडे जड, कमरेत बारीक असली तर अजून वाईट, रचताना ती मानेकडे कलते. नाना म्हणाले सगळ्या बाटल्यांचं तोंड एकाच बाजूला, आमच्या मशीनमध्ये बूड पुढे आणि झाकण मागे. उलट भरल्या तर पाळण्याखालच्या घसरगुंडीवरून (उतरत्या पत्र्यावरून) येताना झाकण पुढच्या झडपेत अडकतं. भरणारा माणूस बदलला की ही चूक होतेच, म्हणून मी दाराच्या आतून मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय.

पाण्याच्या बाटलीचं मात्र पूर्ण जमलेलं नाही, हे स्पष्ट सांगतो. कोल्ड्रिंकची बाटली आतल्या गॅसच्या दाबाने टणक असते, वर रचलेल्या बाटल्यांचं वजन आलं तरी आकार सोडत नाही. पाण्याची बाटली पातळ प्लास्टिकची, वर ओझं आलं की खालची चेपते आणि चेपलेली बाटली पाळण्यात नीट बसत नाही. दोन-तीन कंपन्यांच्या बाटल्या करून बघितल्या, जी हाताला जरा कडक लागते ती घेतो आणि पाण्याचे २ कॉलम अर्धेच भरतो. आणि आमच्या पोरांना सगळ्यात जास्त पाणीच लागतं, त्यामुळे दिवसातून दोनदा दार उघडून भरावं लागतं, याचा त्रास आहे. कुणाला फक्त पाणीच विकायचं असेल तर हा खर्च करू नका, साधा काचेच्या दाराचा कूलर घ्या.

थंड व्हायला वेळ लागतो हे पण लक्षात ठेवा. अॅल्युमिनियममधून थंडावा लगेच आत जातो, प्लास्टिकमधून हळूहळू. कॅन भरून दोन-तीन तासात विकता येत असतील तर बाटलीला तसं चालत नाही, मी रात्री १० ला भरतो आणि सकाळी अभ्यासाला आलेल्यांना ती एकदम गार मिळते. या मशीनमध्ये थंड हवा खालच्या भागात जास्त जाते, त्यामुळे आधी विकला जाणारा माल आधी थंड होतो हे चांगलं आहे. टेम्पोतून उन्हात आलेला माल मात्र लगेच भरू नका, मे महिन्यात मी भरला, बाटल्यांची बुडं थोडी फुगलेली होती, आकार बदलला की अडकणं सुरू. आता माल आधी जिन्याखाली सावलीत ठेवतो मग भरतो. लाइट गेली तर परत आल्यावर कॉम्प्रेसर लगेच चालू होऊ नये म्हणून नानांनी ३ मिनिटं उशिराने सुरू करणारा स्टॅबिलायझर लावायला सांगितला, तो लावा, आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही.

बाटली पडतानाचा धक्का हा विषय वेगळा. पहिल्या आठवड्यात दोन पोरांनी झाकण उघडलं आणि पुस्तकांवर फेस उडाला. नानांनी घसरगुंडीवर आणि खालच्या ट्रेमध्ये गोठ्यात टाकतात ती जाड रबरी मॅट कापून बसवली, तेव्हापासून तक्रार नाही, आणि आवाज पण कमी झाला, वाचनाच्या हॉलच्या बाहेरच मशीन आहे त्यामुळे आवाजाचं मला फार टेन्शन होतं.

पैशाचं सांगायचं तर नाण्यांचा जुना भाग काढूनच टाकला. १० चं नाणं आपल्याकडे कितीतरी दुकानदार अजून घ्यायला नाही म्हणतात, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सगळी १४ डिझाइन चालतात म्हणून सांगितलं होतं तरीपण. आता क्यूआर आहे, पैसे जमा झाले की एक छोटा बोर्ड मशीनला इशारा देतो आणि बटण चालू होतं. हे काम नानांचं नाही, त्यांच्या पुतण्याने केलं, ४ हजार वेगळे. यात एक कमतरता आहे, बाटली खरंच पडली का हे मशीनला कळत नाही, जुन्या मशीनमध्ये तसा सेन्सरच नाही. म्हणून माझा नंबर वर लिहिलाय, मेसेज आला की पैसे परत टाकतो. एप्रिलमध्ये असे ९ मेसेज आले, मे मध्ये ३. पोरं खरं बोलतात, मी कधी तपासत बसलो नाही.

नानांनी ६ कॉलमचे मिळून ११ हजार घेतले, चकत्या, सेक्शन, मॅट सगळं धरून, भुसावळहून ५ खेपा केल्या त्याचं पेट्रोल पण त्यातच. काम १२ दिवसात होणार होतं ते २५ दिवस चाललं, मधे लग्नसराईत त्यांना सगळीकडून कूलरसाठी बोलावणं होतं आणि फोन उचलत नव्हते, तेवढी एक तक्रार. बिल त्यांनी साध्या कागदावर लिहून दिलं, कंपनीसारखी वॉरंटी नाही. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पोरं गावाला गेली होती तेव्हा न बोलावता येऊन सगळ्या मोटारींना ग्रीस लावून गेले.

कमाई विचाराल तर एमआरपीच्या वर एक रुपया घेता येत नाही, थंड करून देतो म्हणून पण नाही, त्यामुळे बाटलीमागे दीड-दोन रुपयेच सुटतात आणि लाइट बिल निघालं की थोडंच उरतं. माझा हेतू तो नव्हताच. परवा रात्री दीड वाजता सीसीटीव्ही बघत होतो, चोपड्याची एक मुलगी, पोलीस भरतीची तयारी करते, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताने मोबाइल धरून क्यूआर मारला, बाटली घेतली आणि परत जागेवर जाऊन बसली, मिनिटभर पण लागलं नाही.

पाण्याच्या २ कॉलमसाठी नाना आता पाळण्याच्या वर एक आडवी फळी टाकून बघणार आहेत, म्हणजे वरचं वजन फळीवर राहील आणि खालच्या बाटलीवर कमी येईल. पोळ्याच्या आधी येतो म्हणालेत. जमलं की इथेच टाकतो.