हिवाळ्यातील प्रवास : क्रूझ की गाडी? बडोद्याच्या निवृत्त जोडप्यांसाठी एक तुलना

दिवाळी जवळ आली की दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या आमच्या निवृत्त मंडळींत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : यंदाच्या थंडीत मुंबईहून क्रूझ करावी, की गाडी काढून सौराष्ट्र-कच्छ पाहावे? दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणारे भेटतात, परंतु त्यांपैकी बहुतेकांनी दोहोंतले एकच केलेले असते, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती तुलना न येता शिफारसच येते. साठी ओलांडलेल्या आणि गुडघे, रक्तदाब, मधुमेह यांपैकी कशाची ना कशाची सोबत असलेल्या जोडप्याला ठरवताना उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने पुढील मांडणी केली आहे.

पहिली अडचण अशी की या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे १९९० साली बांधलेले जहाज चालते. गोवा, लक्षद्वीप, कोची अशा त्याच्या सफरी असतात आणि त्या बहुधा दोन ते पाच रात्रींत संपतात. रस्त्याचा प्रवास मात्र आपण ठरवू तितका लांबवता येतो. म्हणून दोन्हींचा खर्च सफरीमागे न मांडता दिवसामागे मांडावा, म्हणजे चित्र बरेच स्पष्ट होते.

क्रूझच्या जाहिरातीतील आकडा माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघे राहणार हे त्यात गृहीत धरलेले असते. त्यावर बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. मद्य व काही खास उपाहारगृहे वेगळी पडतात. बडोदा ते मुंबई आगगाडीचे तिकीट, मुंबई सेंट्रल ते बॅलार्ड पियर (जहाज सुटते तो धक्का) टॅक्सी आणि जहाज चुकू नये म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम, हे सारे त्यातच धरावे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हेही विसरू नये. गाडीच्या बाजूने पाहता भाड्याच्या मोटारीत किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर आणि ड्रायव्हरचा भत्ता असा तिहेरी हिशेब असतो. ज्या दिवशी आपण कोठे हलणार नाही, त्या दिवसाचेही किमान भाडे द्यावेच लागते. स्वतःची गाडी असल्यास ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास घ्यावा. राष्ट्रीय महामार्गांवरील २०० फेऱ्यांपर्यंत तो चालतो. राज्य महामार्गांच्या नाक्यांना मात्र तो लागू होत नाही. एकंदरीत दिवसाचा खर्च जहाजाचाच अधिक येतो, आणि बाल्कनीची केबिन घेतल्यास पुष्कळच अधिक.

तरीही जहाजाची एक सोय अशी आहे, की तिला रस्त्यावर तोड नाही. बॅग एकदाच उघडायची. रोज सकाळी औषधांचे डबे, चार्जर, गरम पाण्याची पिशवी गोळा करून पुन्हा जिने उतरण्याचा त्रास ज्याला जाणवू लागला आहे, त्याला या एका गोष्टीची किंमत कळेल. लिफ्ट असते, जेवण वेळेवर मिळते, शाकाहारी व जैन पदार्थांचीही व्यवस्था असते. पावसाळा संपल्यावर, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, अरबी समुद्र बराच शांत असतो. तरीही ज्यांना गाडी लागते त्यांनी खालच्या मजल्यावरील मधोमधची केबिन मागावी, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. उलटीवरील गोळ्यांनी गुंगी येते आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्यांतील काही गोळ्या बाधतात, म्हणून त्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच बरोबर घ्याव्यात.

केबिनच्या न्हाणीघराकडे मात्र बारकाईने पाहावे. जुन्या बांधणीच्या जहाजांवर तेथे वीतभर उंच उंबरा असतो. रात्री दोन वाजता झोपेत उठलेल्या माणसाचा पाय त्यालाच अडतो, आणि नेमके त्याच क्षणी जहाज किंचित कलले तर धरायला कठड्याऐवजी शॉवरचा पडदा हाती येतो. लहानसा रात्रीचा दिवा बरोबर न्यावा आणि पहिल्याच दिवशी उजेडात त्या उंबऱ्याची पायांना ओळख करून द्यावी. दुसरी कसोटी लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाला लागते. जहाज बेटापासून दूर उभे राहते आणि प्रवासी लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेले जातात. होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते, खलाशी दोन्ही बाजूंनी दंड धरतात आणि ‘आता’ म्हणताच पाऊल टाकायचे असते. ज्यांचा गुडघा या ‘आता’ला तयार नसेल, त्यांनी लक्षद्वीपची सफर घेतली तरी लक्षद्वीप जहाजाच्या कठड्यावरूनच पाहावे लागेल, समुद्र खवळल्यास उतरणे सर्वांचेच रद्द होते. या बेटांसाठी प्रवेश परवाना लागतो; तो कोण काढणार हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे.

राहिला गोंगाट. डेकवरील संगीत रात्री उशिरापर्यंत चालते, कॅसिनो असतो, आणि शनिवार-रविवारच्या सफरींना तरुणांचे घोळकेच अधिक असतात. मला स्वतःला त्याचे वावडे नाही, पण नऊला अंथरूण गाठणाऱ्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवसांची सफर निवडावी.

आता रस्ता. आपल्यासारख्या बडोदेकर मराठी माणसाला सौराष्ट्राची ओढ वाटण्याचे एक कारण नकाशात सहसा दिसत नाही : अमरेली हा बडोदे संस्थानचा प्रांत होता, आणि द्वारकेसह ओखामंडळही गायकवाडांच्याच अमलाखाली होते. भावनगर, अमरेली, सासण, सोमनाथ, पोरबंदर, द्वारका आणि तेथून जामनगरमार्गे भूज, अशी प्रदक्षिणा केली तर प्रवासाचा काही भाग आजोबांच्या वेळच्या राज्यातूनच होतो. द्वारकेहून बेट द्वारकेला जाण्यासाठी पूर्वी होडीत दाटीवाटीने उभे राहावे लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून गाडी थेट पलीकडे जाते. सासणचे गीर अभयारण्य १६ ऑक्टोबर ते १५ जून खुले असते. भूजपासून धोरडोचे पांढरे रण साधारण ८० किलोमीटरवर आहे, आणि खावड्याहून धोळावीरेला जाणारा रणातील सरळसोट रस्ता हा माझ्या मते सबंध गुजरातेतील पाहण्यासारखा एकमेव ‘नुसता रस्ता’ आहे.

दत्तभक्तांचा खरा ओढा असतो गिरनारकडे. ऑक्टोबर २०२० पासून तेथे रोपवे आहे, त्यामुळे ‘आता गिरनार सोपा झाला’ असे सर्रास ऐकू येते. हे अर्धेच खरे आहे. रोपवे अंबाजीच्या टप्प्यापर्यंत नेतो आणि निम्म्या पायऱ्या वाचवतो. दत्तात्रेयांच्या पादुकांपर्यंत पोहोचायला त्यानंतरही गोरखनाथाची चढण, मग उतार, मग पुन्हा चढ, आणि परतताना तेच उलट, असे करावे लागते. डोली मिळते, पण दर आधीच ठरवून घ्यावा. जोरदार वाऱ्याच्या दिवशी रोपवे थांबवतात, म्हणून जुनागढला एक रात्र जादा ठेवावी. जहाजाच्या वेळापत्रकात अशी जादा रात्र ठेवताच येत नाही, आणि माझ्या दृष्टीने हा रस्त्याचा सर्वांत मोठा फायदा आहे.

तोट्यांपैकी मोठा तोटा स्वच्छतागृहांचा. मोठ्या हॉटेलांच्या आवारात बरी सोय असते, पण पोरबंदर-द्वारका यांसारख्या टापूत दोन बऱ्या जागांमधील अंतर मधुमेह्याला लांब वाटते. दुसरा त्रास सीएनजीचा. गॅस स्वस्त पडतो, पण टाकीमुळे डिकीत एकच बॅग मावते, आणि पंपावर भरताना सर्वांना खाली उतरावे लागते. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला दिवसातून दोनदा, तेही रांगेत, ही चढ-उतार नकोशी होते. लांबच्या प्रवासासाठी पेट्रोल किंवा डिझेलचीच गाडी घ्यावी. जेवण काठियावाडी, म्हणजे तेल आणि लसूण यांचा हात सढळ. संध्याकाळी खिचडी-कढी मागितली तर बहुतेक ठिकाणी मिळते. मात्र आजारपणाच्या बाबतीत रस्ताच निर्धोक आहे. भावनगर, राजकोट, जामनगर येथे मोठी सरकारी रुग्णालये आहेत आणि १०८ची रुग्णवाहिका येते. जहाजावर डॉक्टर असतो, पण हृदयविकाराचा झटका आल्यास पुढील बंदराची वाट पाहावी लागते. ज्यांची अँजिओप्लास्टी अलीकडेच झाली आहे, त्यांनी एवढ्यावरच निर्णय घ्यावा.

‘दोन्ही एकत्र’ म्हणून काही जण घोघा-हजिरा रो-पॅक्स सुचवतात. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या या सेवेत गाडी जहाजावर चढते आणि ३७० किलोमीटरचे रस्त्याचे अंतर समुद्रातून ९० किलोमीटरवर येते. पण हे गणित सुरतकरांचे आहे. बडोद्याहून हजिऱ्यालाच दीडशेहून अधिक किलोमीटर खाली जावे लागते, आणि तारापूर-वटामणमार्गे भावनगर सुमारे दोनशे किलोमीटरवर. समुद्राची हौस म्हणून करायचे असेल तर अवश्य करावे, वेळ वाचतो म्हणून नव्हे.

माझा कौल असा : दोघांचेही पाय चालत असतील तर आधी रस्ता करावा, तोही ड्रायव्हर घेऊन आणि एका गावी किमान दोन रात्री राहून, क्रूझ मागाहूनही करता येईल, कारण बसून राहण्याची क्षमता माणसात शेवटपर्यंत टिकते. गुडघ्यांनी आधीच हात टेकले असतील तर हाच क्रम उलटा धरून गोव्याची क्रूझ घ्यावी आणि लक्षद्वीपचा मोह टाळावा.

तारखांबाबत घाई करू नये. दिवाळी ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) सबंध गुजरात घराबाहेर असतो आणि खोल्यांचे दर दुप्पट होतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात नाताळची गर्दी, शिवाय परदेशातील मुले घरी यायची तीच वेळ. लाभपाचमनंतर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत रस्ता, आणि उत्तरायण आटोपल्यावर जानेवारीच्या उत्तरार्धात जहाज, अशी विभागणी सर्वांत स्वस्त पडते. स्वतः गाडी चालवणाऱ्यांनी निघण्यापूर्वी परवान्याची मुदत तपासावी. पंचावन्न वर्षांनंतर तो पाच-पाच वर्षांसाठीच नूतनीकृत होतो, आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते.