भरतकाम पाहायला मैत्रिणींसह कुठे जावे: अहमदाबाद, भुज की गावातलेच प्रदर्शन?

बडोद्यातल्या आठ-दहा मैत्रिणींनी एकत्र जाऊन भरतकाम पाहायचे ठरवले, तर त्यांच्यापुढे प्रत्यक्षात तीन पर्याय असतात: अहमदाबादचे कॅलिको वस्त्रसंग्रहालय, भुजजवळच्या अजरखपूर येथील श्रुजन या हस्तकला संस्थेचे एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) केंद्र, आणि आपल्याच गावात हिवाळ्यात व सणांच्या आधी भरणारी हस्तकलेची विक्री-प्रदर्शने. या तिन्हींना आपण सरसकट ‘प्रदर्शन’ म्हणत असलो, तरी पाहण्याची रीत तिन्ही ठिकाणी इतकी वेगळी आहे की एकासाठी केलेला बेत दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यामुळे ठिकाण ठरवण्याआधी गटात स्वतः टाके घालणाऱ्या किती, नुसत्या सोबतीसाठी येणाऱ्या किती आणि दोन-अडीच तास उभे राहणे ज्यांना जमणार नाही अशा किती, एवढे मोजून घ्यावे.

संग्रहाच्या तोलाने पाहिले तर कॅलिकोशी स्पर्धा नाही. गौतम साराभाई आणि त्यांच्या भगिनी गिरा साराभाई यांनी १९४९ मध्ये उभारलेले हे संग्रहालय आज शाहीबागेतील ‘द रिट्रीट’ या साराभाईंच्या वास्तूत आहे. जुन्या हवेल्यांचे कोरीव लाकडी दर्शनी भाग तिथे आणून बसवले आहेत आणि कापडाला इजा होऊ नये म्हणून आतला प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो. कच्छ-सौराष्ट्राचे चाकळे (भिंतीवर लावायचे भरलेले चौकोन) आणि तोरणे, मोची भरत, पंजाबची फुलकारी, बंगालचा कांथा, काश्मिरी शाली, चंबा रुमाल असे वेगवेगळ्या प्रांतांचे काम एकाच फेरीत डोळ्यांखालून जाते. शाळेत शिकलेला साखळी टाका मोची कारागिराच्या हातात काय होतो, हे तिथे नीट कळते. चामडे शिवण्याच्या आरीचेच बारीक रूप वापरून, कापड ताणून धरून तो इतक्या वेगाने आणि इतका दाट घातला जाई की फुलाच्या पाकळीतील रंगाची छटा कुंचल्याने उतरवल्यासारखी भासते. कच्छच्या दरबारासाठी हे काम होत असे. फुलकारीत उलट आहे. जाड खादीवर, मागच्या बाजूने धागे मोजत, पीळ न दिलेल्या रेशमाचा लांब धावदोरा घालतात, त्यामुळे रेशमाचा बहुतेक भाग सुलटीवर झळकतो आणि पाठीवर केवळ बारीक ठिपके उरतात. ही दोन कामे एकाच सकाळी पाहायला मिळणे ही टाके घालणाऱ्या बाईसाठी मोठीच पर्वणी आहे.

मात्र कॅलिको गटासाठी सोयीचे नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश मिळत नाही, एका वेळी मोजक्याच लोकांना मार्गदर्शकाबरोबर आत सोडतात, लहान मुलांना नेता येत नाही, छायाचित्रे काढता येत नाहीत आणि बुधवारी संग्रहालय बंद असते. दहा जणींना एकाच दिवसाची जागा मिळेलच असे नाही. मिळाली तरी मार्गदर्शकाच्या चालीने पुढे सरकावे लागते, आणि एखाद्या चौकोनापाशी पाव तास थांबून टाका कसा वळवला आहे हे उलगडू पाहणाऱ्या मैत्रिणीची तिथे कुचंबणा होते. चंबा रुमालाचे वैशिष्ट्य असे, की दुहेरी भरीव टाक्यामुळे तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. पण मांडलेल्या रुमालाची पाठ आपण उलटून पाहू शकत नाही, ती ऐकूनच मानायची. संग्रहालयाला तसे करणे भागच आहे, त्यात दोष नाही. तरीही कशिदा करणाऱ्या बाईची नजर आधी उलट्या बाजूकडे जाते आणि इथे ती अडते.

अंतराचा प्रश्न मात्र इथे किरकोळ आहे. बडोद्याहून अहमदाबाद सुमारे ११० किलोमीटर असून आगगाडीने किंवा द्रुतगती मार्गाने साधारण दोन तासांत पोहोचता येते. सकाळी लवकर निघून संध्याकाळी घरी परतता येते, आणि सोबतीला आलेल्या मैत्रिणींना कंटाळा आलाच, तर दुपारनंतर त्यांच्यासाठी शहरात पाहण्यासारखे व खाण्यासारखे भरपूर आहे. ज्यांना कॅलिकोची जागा मिळाली नाही त्यांनी आंबावाडीतील श्रेयस लोककला संग्रहालय पाहावे. गुजरातच्या लोकजीवनातले भरतकाम तिथे आहे आणि गर्दी फारशी नसते.

भुजचा पर्याय निवडला, तर तो एका दिवसाचा राहत नाही. मुंबईकडून येणाऱ्या कच्छ एक्सप्रेस व सयाजीनगरी एक्सप्रेस या गाड्या बडोद्यावरून रात्री जातात आणि सकाळी भुजला पोहोचवतात. (नाव आपल्या सयाजीरावांचे आणि गाडी कच्छची, याचे बडोदेकरांना आता नवल वाटत नाही.) म्हणजे दोन रात्री गाडीत आणि मधला दिवस, किंवा एक मुक्काम. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे खालच्या बर्थची गरज असणाऱ्या काकू-मावशींची नावे सुरुवातीलाच घालावीत. रणोत्सवाच्या दिवसांत भुजच्या खोल्या महाग होतात आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आसपास घर सोडायला फारसे कोणी तयार नसते. नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हे त्यातल्या त्यात बरे काळ.

इतका खटाटोप सार्थकी लावणारी गोष्ट म्हणजे तिथे भरतकाम कोणाचे आहे हे दिसते. चंदाबेन श्रॉफ यांनी १९६९ च्या दुष्काळात धाणेटी गावातील आहीर स्त्रियांना हाताला काम मिळावे म्हणून सुरू केलेल्या उपक्रमातून श्रुजन वाढली आणि २०१६ मध्ये हे केंद्र उघडले. कॅलिकोत मांडणी वस्तूंची आहे, इथे ती समाजांची आहे. रबारी स्त्री साखळी टाक्याने बाह्यरेषा काढून निरनिराळ्या आकारांची आभळी, म्हणजे छोटे आरसे, बसवते. आहीरांच्या कामात गोल आभळी, मोर, पोपट आणि फुले असतात. कच्छच्या बन्नी या गवताळ भागातल्या मुतवा समाजाच्या स्त्रिया इतकी बारीक आभळी वापरतात की ती बसवणाऱ्या हाताचे आश्चर्य वाटते. आणि सूफ भरतात कापडावर काहीही न आखता, उलट्या बाजूने धागे मोजत, त्रिकोण रचले जातात. १९७१ च्या युद्धानंतर सिंधमधील थरपारकर भागातून आलेली सोढा व मेघवाळ कुटुंबे हे काम आपल्याबरोबर घेऊन आली. कर्नाटकी कशिदा घातलेल्या मैत्रिणीला सूफ चटकन समजेल, कारण धागे मोजण्याची सवय तिच्या बोटांना असते. केंद्रात कार्यशाळाही होतात. गटाने आधी लिहून चौकशी केली तर भेटीचा दिवस त्यानुसार ठरवता येतो. अजरखपूर गावातच अजरखाची, म्हणजे लाकडी ठशांनी कापडावर, छपाई करणाऱ्या खत्री कुटुंबांची वस्ती असून, २००१ च्या भूकंपानंतर धमडका या त्यांच्या जुन्या गावच्या पाण्यातील लोहाचे प्रमाण बदलल्यामुळे त्यांपैकी अनेकजण इकडे आले. त्यामुळे ज्यांना सुईदोऱ्यात रस नाही त्यांचीही दुपार चांगली जाते.

तिसरा पर्याय, म्हणजे गावातले विक्री-प्रदर्शन, प्रतिष्ठेच्या दृष्टीने सर्वांत खालचा धरला जातो. माझ्या मते त्याचा एक गुण इतर दोघांकडे नाही: तिथे कापड हातात घेऊन उलटता येते. पाठीवर लांबच लांब तरंगते धागे दिसले किंवा एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे दोरा तसाच ओढलेला असला, तर काम घाईचे आहे हे लगेच उमगते. सर्वत्र एकसारखा टाका आणि मागे अस्तरासारखी चिकटवलेली पांढरी जाळी असेल, तर ते बहुधा यंत्राचे असते. विक्रेत्याने ‘हाताचे’ म्हटले म्हणून ते हाताचे होत नाही. ही परीक्षा आधी गावात केलेल्या बाईला अहमदाबादेत काचेमागच्या तुकड्याची न दिसणारी बाजूही थोडीफार कल्पिता येते. अशा ठिकाणी रविवारी संध्याकाळी जाऊ नये, गर्दीत कापड पाहणे होत नाही, नुसती खरेदी होते. दुपारची वेळ बरी.

बडोद्याचे सर्वांत गाजलेले भरतकाम मात्र बडोद्यात पाहता येत नाही. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला, बसऱ्याच्या बारीक मोत्यांनी भरलेला गालिचा २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला.

निवड करायचीच झाली तर माझे मत असे आहे. गट मिश्र असेल आणि एकच दिवस हाताशी असेल, तर कॅलिको निवडावे, पण सहा जणींच्या वर जाऊ नये; आधी नोंदणी पक्की करावी आणि मगच गाडीची तिकिटे काढावीत, कारण उलट क्रमाने केलेला बेत हमखास फसतो. गटातील निम्म्याहून अधिक जणी स्वतः भरतकाम करत असतील, तर अहमदाबाद पुढच्या वेळी ठेवून भुजलाच जावे. तिथला मुक्काम एकीने ठरवावा आणि पैसे तिच्याकडे आधीच जमा करावेत, नाहीतर रद्द झालेल्या नावांचा भुर्दंड तिच्याच माथी येतो. दहा-बारा जणींचा, लेकी-सुनांसह लहान मुले असलेला गट असेल, तर कोणताही संकोच न बाळगता गावातले प्रदर्शन निवडावे. जाताना गटातल्या जुन्याजाणत्या मावशींना पुढे ठेवावे आणि घरी भरलेला एखादा रुमाल पिशवीत न्यावा, म्हणजे पाठीची तुलना जागच्या जागी करता येते.