मावशी, प्लेग्रुप आणि पाळणाघर : सव्वादोन वर्षांचा अनुभव

नोकरी करताना लेकीला कुणाकुणाकडे सांभाळायला ठेवलं, त्याचा आधी हिशोब देते. घरी येणाऱ्या मावशी १३ महिने, जानेवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२४. मग कामाला बायका देणाऱ्या ब्युरोतून आलेल्या दोघी मिळून पाच आठवडे. मग सांगलीहून आलेल्या सासूबाई. जून २०२४ पासून दोन महिने एका साखळीतला प्लेग्रुप, त्याला जोडलेल्या डे-केअरसकट. आणि ऑगस्ट २०२४ पासून आजपर्यंत आमच्याच गल्लीतल्या काकूंचं पाळणाघर. लेक गेल्या महिन्यात तीन वर्षांची झाली. घरात तिला ठकी म्हणतो, इथेही तेच म्हणते. आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. मी एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्स बघते, नवरा चाकणला शिफ्टमध्ये आहे.

ठकीला कुठे ठेवू, असं मी तेव्हा दिसेल त्याला विचारत होते. कुणी मेंदूच्या वाढीबद्दल सांगितलं, कुणी सोशल स्किल्सबद्दल, कुणी 'घरचं माणूस ते घरचं माणूस' म्हणालं. खाड्यांबद्दल मात्र एकानेही सांगितलं नाही. मी मुख्यतः खाड्यांबद्दलच लिहिणार आहे.

रजेची गोष्ट पटकन. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे झाली. त्यातले माझे तीन आठवडे डिलिव्हरीच्या आधीच गेले. कायद्याच्या त्याच दुरुस्तीत ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, असंही आहे. आमच्या ऑफिसात माणसं ३४. नवऱ्याच्या कंपनीत सोय आहे, पण तान्ह्या पोरीला पहाटे साडेपाचला उठवून फर्स्ट शिफ्टच्या बसने चाकणला कोण नेणार? ठकी दहा महिन्यांची होईपर्यंत सासूबाईंनी ओढलं, मग सासऱ्यांचं पथ्यपाणी बघायला त्यांना परत जावं लागलं.

मावशी मिळाल्या वरच्या मजल्यावरच्या पोळ्यावाल्या काकूंच्या ओळखीतून. पन्नाशीच्या, मूळच्या बार्शीकडच्या. साडेआठ ते साडेसहा, रविवार सुट्टी, पगार १४ हजार, दिवाळीला एक पगार वर. आधारची झेरॉक्स, फोटो, पोलिसांकडे नोंद, सगळं पहिल्याच आठवड्यात केलं. मला उगाच अपराधी वाटत होतं, तर त्याच हसल्या, "करा की ताई, माझंबी नाव येऊ दे पोलिसात." ठरवतानाच त्यांनी एक सांगितलं होतं, "आषाढात मी वारीला जाते, ते आधीच सांगते." जानेवारीत आषाढ फार लांब वाटतो. मी बिनदिक्कत हो म्हटलं.

मावशींचं जे चांगलं होतं ते कुठल्याही शाळेच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. दुपारी त्या ठकीला पायावर आडवी घेऊन थोपटायच्या. हातात कोपराकडे सरकणाऱ्या काचेच्या बांगड्या. थोपटलं की त्या किणकिणायच्या आणि दहा मिनिटांत पोरगी गाढ. रविवारी मी तास तास थोपटलं तरी हिचे डोळे टक्क उघडे. थोपटण्याची जागा बदलून बघितली, गाणं बदललं, पंखा कमी-जास्त केला. दोन महिन्यांनी डोक्यात प्रकाश पडला. तुळशीबागेतून डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या आणि दर रविवारी जेवण झालं की चढवायला लागले. गाऊन आणि हातभर बांगड्या असा अवतार बघून नवरा हसायचा, पण पोरगी झोपायची.

कॅमेऱ्याबद्दल बरेच जण विचारतात. आम्ही हॉलमध्ये लावला होता, मावशींना सांगून. ऑफिसात व्हाउचर बघता बघता मी दर दहा मिनिटांनी फोन उघडायची. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मावशी डबा खाताना भिंतीकडे तोंड करून बसतात. पाठमोऱ्या, ताट मांडीवर, घाईघाईने. मी काही बोलले नाही. संध्याकाळी कॅमेरा फिरवून फक्त दाराकडे केला.

त्यांच्यावर नाराज व्हायचंही कारण होतं. सव्वा वर्षाची ठकी माझ्या फोनवर बोटाने व्हिडिओ वर सारायला लागली. कुठून शिकली ते उघडच होतं. मावशींनी लपवलं नाही, "त्याबिगर जेवतच न्हाई ती." दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, हे बालरोगतज्ज्ञांनी बजावलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही तेच सांगतात. मी त्यावर छोटंसं भाषण दिलं. त्याच रविवारी मऊ भाताचा शेवटचा घास आत जावा म्हणून मीही फोन उघडला. पुढच्या सोमवारी भाषण थोडं सौम्य झालं.

आता खाडे. कालनिर्णयवर मी लाल पेनाने फुल्या मारत होते, त्या नंतर मोजल्या. १३ महिन्यांत ४१. त्यातले १६ वारीचे. २०२३ ला आषाढी २९ जूनला होती. पुण्यात पालखी आली की मावशी निघाल्या, त्या एकादशी करून, दोन दिवस पाय धरून बसून परत आल्या. त्याच वर्षी श्रावण अधिक होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवायचं, वाण द्यायचं, त्याचे चार दिवस. बाकी ताप, गावची जत्रा, भाचीची सुपारी, एकदा गॅस सिलिंडर येणार म्हणून. यातलं एकही कारण खोटं नव्हतं आणि मला एकाही कारणाचा राग धरता आला नाही, हेच जास्त त्रासाचं. माझ्या वर्षाच्या किरकोळ रजा १२. दोघांच्या मिळून ऑगस्टातच संपल्या, पुढचे सगळे बिनपगारी.

फेब्रुवारीत मावशींच्या लेकीचं बाळंतपण आलं. दहा दिवसांची सूचना देऊन, ठकीला पायातले वाळे घालून त्या बार्शीला गेल्या. आजीनेच जायला हवं होतं, त्यात मी काय बोलणार?

ब्युरोवर फार शब्द खर्च करत नाही. एका पगाराएवढं कमिशन आधी द्यायचं, तीन महिन्यांत बाई सोडून गेली तर 'रिप्लेसमेंट' फुकट. पहिली ११ दिवसांत गेली. दुसरी चांगली होती, तिला बाणेरला दोन हजार जास्त मिळाले. तिला नावं ठेवणार नाही, मीही तेवढ्यासाठी एक नोकरी सोडलेली आहे.

मग आम्ही सुशिक्षित आईबापांसारखं वागायचं ठरवलं आणि प्लेग्रुप शोधला. नाव घेत नाही. फी वर्षाची ६८ हजार, डे-केअरचे महिना ११ हजार वेगळे. डे-केअर का, तर प्लेग्रुप भरतो अडीच तास. माझा दिवस प्रवासासकट साडेनऊ तासांचा. 'शाळा की बाई' असं विचारणाऱ्यांनी आधी ही वजाबाकी करावी. नुसत्या प्लेग्रुपने नोकरी करणाऱ्या बाईची काहीच सोय होत नाही, उलट बारा वाजता मुलाला आणायला आणखी एक माणूस लागतं.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत माँटेसरी, म्हणजे मुलाने साधनं हाताळत आपलं आपण शिकायचं. पहिल्या आठवड्यात घरी आली वर्कशीट : सफरचंद, रेषेच्या आत लाल रंग भरा. वय सव्वादोन. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंमधून मुलांना शिकवलं. आज अंगणवाडी म्हणून जे सगळीकडे दिसतं त्याचं मूळ तिकडे आहे. मावशींची दोन्ही मुलं अंगणवाडीतच वाढली. आणि मी ६८ हजार भरून सफरचंद रंगवत बसले होते. (रंगवलं मीच. ठकीने क्रेयॉनचा तुकडा खाल्ला.)

रोज ॲपवर फोटो आणि खाली 'शी एट वेल'. डबा मात्र अर्धा भरलेला परत. शिवाय भाषेचं एक झालं. ठकी मावशींचंच मराठी बोलते. 'हितं बस', 'कुटं गेलं', 'न्हाई'. टीचरने मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी जरा शुद्ध बोला, इंग्लिश असेल तर बेस्ट. मी मान हलवली. घरी येऊन सांगलीच्या सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय झालं? हितं म्हंजे हितंच की!"

जुलैत वर्गात हात-पाय-तोंडाची साथ आली. तळहातावर, तळव्यांना पुरळ, तोंडात फोड, थंड दुधाशिवाय काही गिळेना. विषाणू आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, पाणी कमी पडू देऊ नका, आठवडा-दहा दिवस जातील, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला ११ दिवस लागले. डे-केअरचे पैसे त्या ११ दिवसांचेही गेले. साथ काही त्यांनी आणली नव्हती, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर एकदा हाफ डे घेऊन मी दुपारी तीनला न सांगता पोचले. प्रवेशाच्या वेळी 'आठ मुलांमागे एक' सांगितलं होतं. आत १९ मुलं आणि दोन ताई, त्यातली एक फोनवर. ठकी एका कोपऱ्यात पायातला मोजा काढून चोखत बसली होती. कुणी तिला मारलं नव्हतं, रागावलंही नव्हतं. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आम्ही महिनाअखेरीस बंद केलं. एक श्रेय त्यांना द्यायलाच हवं, डायपर तिथे सुटला. इतर मुलांचं बघून हिनेही दोन महिन्यांत सोडला.

काकूंचं पाळणाघर मला तीन वर्षं माहीत होतं, आणि तीन वर्षं मी तिथे बघितलंही नव्हतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बोर्ड गंजलेला, बाहेर चपलांचा ढीग. काकू पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. नऊ मुलं, हाताखाली एक बाई. महिना साडेसात हजार, त्यात दुपारचा वरणभात आणि चार वाजताचं खाणं. सात वाजून गेले तर दंड नाही, पण काकूंचा चेहरा बघावा लागतो. ॲप नाही. न्यायला गेले की दारातच रिपोर्ट मिळतो, "आज दोन घास खाल्लेत फक्त. आणि सकाळपासून चिडलीये, दात येतोय का बघ गं." मला दोन महिन्यांच्या फोटोंमधून जे कळलं नव्हतं ते या एका वाक्यात कळतं.

जानेवारीत एकदा लवकर गेले तर मटार सोलणं चाललेलं. मधोमध परात, भोवती पोरं. ठकी शेंग दोन्ही अंगठ्यांनी फोडायची, एकेक दाणा काढून "एक, दोन, चार" म्हणायची आणि चौथा तोंडात टाकायची. परातीत पडत होते त्यापेक्षा पोटात जास्त जात होते. बोटांना वळण लागावं म्हणून हे मुद्दाम केलं का, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "वळण लागतंच. पण उद्या मटारभात करायचाय."

तक्रारी आहेतच. संध्याकाळी अर्धा तास टीव्ही लागतो. खेळायला अंगण नाही. मोठी पोरं शाळा सुटल्यावर येतात, त्यांच्याकडून ठकी 'च्यायला' शिकली आणि सासऱ्यांसमोर म्हणून दाखवलं. हिवाळाभर नाक वाहत होतं. आणि अंगात ताप असेल तर काकू मूल घेत नाहीत, दारातूनच परत पाठवतात.

हाच फरक मला आधी कळायला हवा होता. मावशींचा खाडा मावशींच्या घरावर अवलंबून, पाळणाघराचा खाडा पोरीच्या तापावर. ठकी तापाने फणफणलेली असतानाही मावशी यायच्या, मांडीवर घेऊन बसायच्या. तेव्हा मी ऑफिसला जाऊ शकत होते. काकूंकडे त्याच्या उलट : काकू आजारी पडल्या तर त्यांच्या जाऊबाई दार उघडतात, पण ठकी आजारी पडली की मी घरी. आठ महिन्यांत काकूंकडून सुट्ट्या सहा, त्यातल्या पाच आधीच कागदावर लिहून दिलेल्या. तापाचे दिवस १४. एकूण २०. मावशींच्या ४१ शी तुलना करताना महिने वेगळे आहेत हे मला कळतं, पण आधी माहीत असलेली सुट्टी आणि सकाळी आठ वाजता आलेला फोन यांची किंमत सारखी धरताच येत नाही.

माझं मत विचारलंत तर मूल दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत, परवडत असेल तर, घरी मावशीच. लहान मूल गर्दीत गेलं की आजारपणं मागे लागतात, आणि त्या वयात त्याला मांडीची गरज जास्त असते. फक्त मावशींच्या खाड्याला दुसरं माणूस कोण, हे पहिल्या दिवशी ठरवा. आम्ही ठरवलं नाही. दोननंतर घरगुती पाळणाघर. बघायला जाल तर सकाळी दहाला जाऊ नका, तेव्हा सगळी पाळणाघरं छान दिसतात. दुपारी तीनला जा. आणि शेवटचं अचानक कधी बंद ठेवलं होतं ते विचारा, उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा. शाळेची घाई नको. नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण लागतात, पहिलीला सहा. आमची ठकी पहिलीत जाणार २०२८ मध्ये, तोपर्यंत सफरचंद आपोआप रंगवेल.

जूनपासून ती जवळच्या नर्सरीत जाईल, नऊ ते बारा. व्हॅनवाले काका थेट काकूंच्या दारात सोडतील, असं ठरलंय.

सध्याची अडचण मे महिन्याची आहे. काकू दहा दिवस कोकणात माहेरी जातात, दरवर्षी, कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. सासूबाईंचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. परवा सहज मावशींना फोन लावला. नातू आता सव्वा वर्षाचा आहे, फोन हिसकावत होता. दहा दिवस येता का विचारलं. "येते की," म्हणाल्या, "पण ताई, आषाढात न्हाई हां. ते आधीच सांगते."