मीटरवर ७८ हजार, चावीत १ लाख ६६ हजार

सांगली-मिरजेत जुनी जर्मन सेडान बघायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. माझे साडेअकरा लाख अडकलेत. तुमचे अडकू नयेत एवढ्यासाठी सगळं सविस्तर सांगतो.

गाडी २०१२ ची बीएमडब्ल्यू ५३०डी. तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन, २४५ हॉर्सपॉवर, ५४० न्यूटन-मीटर टॉर्क आणि झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नवी होती तेव्हा चाळीस लाखांच्या पुढची. गाडी चांगलीच आहे, आजही माझी तक्रार गाडीबद्दल नाही. हे इंजिन नीट सांभाळलं तर लाखो किलोमीटर चालतं. तक्रार आहे ती गाडी माझ्या गळ्यात मारणाऱ्याबद्दल.

आपल्याकडे जुनी गाडी बघताना माणूस पहिल्यांदा पाणी शोधतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ असताना. २०२१ ला पुन्हा पूर आला. तेव्हापासून गालिचा उचलणं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ बघणं, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालणं हे सांगलीत पोराटोरांनाही माहीत आहे. विकणाऱ्यालाही ते पक्कं माहीत होतं. त्याने स्वतःच गालिचा उचलून दाखवला, बॅटरी धरून दाखवली. म्हणाला, "साहेब, एमएच-१२ पासिंग आहे, पुण्याची गाडी. पुराची गाडी देऊन मी सांगलीत राहीन का?" खरंच, गाडीला पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. आमची अर्धी तपासणी तिथेच संपली, आणि त्याला तेच हवं होतं. खोट दुसरीकडे होती.

मीटरवर ७८ हजार किलोमीटर होते. स्टीअरिंगला नवं चामडं, पेडलचे रबर नवे, ड्रायव्हर सीटच्या कडा नव्याने शिवलेल्या. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. "आत्ताच धुवून आणली," असं उत्तर मिळालं. या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे आतले भाग एका ठेक्यात फिरवणारी साखळी, मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. ती झिजली असेल तर थंड इंजिन सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत खडखड ऐकू येते. इंजिन गरम असलं की बरेचदा काहीच कळत नाही. म्हणून सांगतो, ठरलेल्या वेळेच्या आधी जा आणि बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा प्यायला बसू नका, सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

गाडी घरी आल्यावर थोड्याच दिवसांत सकाळी दुसरा-तिसरा गिअर पडताना झटका बसायला लागला. मग डॅशबोर्डवर ड्राइव्हट्रेनचा, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्समधल्या बिघाडाचा इशारा पेटला. कोल्हापूरला जर्मन गाड्यांचंच काम करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी स्कॅनर लावला आणि आधी फॉल्टकडे, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडांकडे, बघितलंच नाही. "फॉल्ट पुसल्यावर किती किलोमीटर झालेत ते बघू," म्हणाले. हा आकडा इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि गाडीला जोडायच्या साध्या ओबीडी तपासणी यंत्रावरही दिसतो. तो मीटरमधून वजा केला तर नेमकी आमच्या टेस्ट ड्राइव्हची सकाळ आली. म्हणजे आम्ही यायच्या आधी सगळे फॉल्ट पुसले होते. इशारे परत यायला थोडं अंतर जावं लागतं, तेवढ्यात व्यवहार उरकला.

मग त्यांनी विचारलं, "दुसरी चावी आहे का? ती वापरलीय का तुम्ही?" चावी कपाटात तशीच होती, कधी वापरलेली नव्हती. या पिढीच्या बीएमडब्ल्यूत चावीतसुद्धा गाडीचा डेटा साठतो: चासी नंबर, सर्व्हिसची स्थिती आणि किलोमीटर. जी चावी घेऊन गाडी चालवली जाते, तिच्यातलाच आकडा पुढे सरकतो. पडून राहिलेली चावी जुन्या आकड्यावर थांबलेली असते. अधिकृत वर्कशॉपमध्ये ती चावी रीडरवर ठेवली, तर १ लाख ६६ हजार किलोमीटर आले. मीटर मागे घेणाऱ्याने डॅशबोर्डचा आकडा बदलला, सोबतच्या मॉड्यूलमधला (गाडीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमधला) आकडाही बदलला, पण ही चावी तशीच राहिली. त्यामुळे विकणारा "दुसरी चावी हरवलीय" म्हणाला तर तिथे थांबा. चावी असेल तर पैसे द्यायच्या आधी ती वाचून घ्या.

आता कोणी म्हणेल, गाडी चालतेय ना, मग आकड्याचं एवढं काय? माझं सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीत झालंय. अशा गाडीची सगळी देखभाल किलोमीटरवर ठरते. ऑटोमॅटिकचं ऑइल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे असं बीएमडब्ल्यू सांगत आली, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजारांच्या दरम्यान ते बदलायला सांगते. ७८ हजार वाचणारा माणूस म्हणतो, अजून वेळ आहे. प्रत्यक्षात तेच जुनं ऑइल त्याच्या दुप्पट अंतर चाललेलं होतं. चेनचंही तसंच. ती मागे असल्यामुळे नुसती बदलायची म्हटली तरी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि मग मजुरीच सुट्या भागांपेक्षा जड होते. मला दोन्ही कामांचा मिळून पावणेचार लाखांचा अंदाज मिळालाय. मीटर मागे घेणारा माणूस पुढच्या मालकाकडून गाडी वाचवायची संधीच हिरावून घेतो. मला याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

आरसीवरच्या पत्त्यावरून पुण्याच्या आधीच्या मालकांना गाठलं. सज्जन गृहस्थ. "दादा, मी तर एक सहासष्टला विकली, लपवण्यासारखं काही नव्हतंच," म्हणाले आणि शेवटच्या सर्व्हिसच्या बिलाचा फोटो पाठवला. त्यावर किलोमीटर छापलेले आहेत. जुनी बिलं मागा. "फाइल गाडीतच होती, कुठे गेली कळत नाही" असं ऐकू आलं तर आधीच्या मालकाचा नंबर मागा. फास्टॅगचं स्टेटमेंटही मागता येतं. दर आठवड्याला खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी असे टोल भरणारी गाडी बारा वर्षांत ७८ हजार चालली, हे कुणाला पटेल?

कागदांचा डाव तर अजून पक्का होता. फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे मालकी बदलाचे आरटीओचे अर्ज, यांवर पुण्याच्या मालकांच्या सह्या घेतलेल्या, बाकी कोरे. त्यामुळे कागदावर मी गाडी थेट त्यांच्याकडून घेतली, विकणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मी जाब विचारायला गेलो तर तो म्हणाला, "मी फक्त मध्यस्थ. स्टँपवर 'आहे त्या स्थितीत' लिहिलंय, तुमची सही आहे." जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंदही करावी लागते. ते अधिकारपत्र बघायला मागा. माझ्या विक्रेत्याकडे ते नव्हतं.

त्याच्या विरोधात माझ्या हातात दोन गोष्टी आहेत. पैसे रोख न देता त्याच्या खात्यावर आरटीजीएस केले होते. आणि त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आहे: "७८ हजार ओरिजिनल रनिंग, गॅरंटी माझी." पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार दिलीय. जिल्हा ग्राहक आयोगातही प्रकरण दाखल केलंय. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला तिथे फी फक्त ४०० रुपये आहे, आणि मुदत दोन वर्षांची. संदेशाच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकिलांकडून करून घ्या. फोन बदलला तरी जुना फोन विकू नका, मूळ संदेश त्यातच असतो.

गाडी मी दुरुस्तीला उघडलेली नाही. मिस्त्रींचा लेखी अहवाल आणि चावीचा प्रिंटआउट आयोगात दिलाय. समोरच्याने तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागितली तर गाडी आहे तशीच दाखवता यायला हवी. तुमच्याशीही असं झालं असेल, तर वर्कशॉपवाल्याला पाना लावू देण्याआधी हे सगळं कागदावर आणा.