वॉरंट ‘कॅन्सल’ करून देतो म्हणाला आणि ४१,५०० रुपये घेऊन गेला

नाव लिहीत नाही. कोर्ट कुठल्या शहरातलं तेही लिहीत नाही, कारण केस अजून चालू आहे आणि घरात सुनेलाही यातलं काही माहीत नाही. पण हिशोब पै-पैचा लिहिते. ३,००० अधिक १२,५०० अधिक १८,००० अधिक ८,०००. एकूण ४१,५०० रुपये. ज्या चेकवरून हे सगळं झालं, तो चेक होता ६२,००० चा. म्हणजे त्या दलालाला दिले तेवढ्यात मूळ देण्याचा दोन-तृतीयांश भाग फिटला असता.

चेकचं थोडक्यात सांगते. माझी मेस होती. डिसेंबर २०१९ मध्ये किराण्याच्या होलसेलवाल्याला पुढच्या तारखेचा चेक दिला, तो परत गेला, आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. मेस बंद म्हणजे बंदच. त्याला जमेल तसे रोख पैसे देत होते, पावती घेतली नाही (ही माझी पहिली अक्कल). २०२१ च्या जुलैत आम्ही ते शहर सोडून पुण्यात आलो. त्याने कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची केस टाकल्याचं मला कळलंच नाही, कारण समन्स गेलं जुन्या भाड्याच्या घरी. मी पळाले नव्हते हो. पत्ता बदलला की कोर्टाला कळवायचं असतं, हे केसच माहीत नसलेल्या माणसाला कसं सुचणार?

२०२५ च्या जानेवारीत जुन्या शेजारणीचा फोन आला. “वहिनी, पोलीस येऊन गेला. तुमच्या नावाचं वॉरंट आहे म्हणे, अजामीनपात्र.” माझे हातपाय गार पडले. आमच्या घरात आजवर पोलीस फक्त पासपोर्टच्या चौकशीला आलेला. तिनेच पुढे सांगितलं, तिच्या दिरांच्या ओळखीचा एक ‘कोर्टातला माणूस’ आहे, सगळं मिटवून देतो.

हा कोर्टातला माणूस मला भेटला कोर्टाच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर. काळा कोट होता. गळ्याला पांढरा बँड नव्हता, तो खिशात असेल असं मी समजले. पहिल्यांदा ३,००० घेतले, ‘फाईल बघायला’. २७ जानेवारी, रोख. संध्याकाळी येऊन म्हणाला, “ताई, वॉरंट खरं आहे. केस २०२० ची.”

हे ३,००० म्हणजे निव्वळ माझ्या अडाणीपणाची किंमत. ई-कोर्ट्सचं ॲप फुकट आहे. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडायचं, पक्षकाराच्या नावाची निदान तीन अक्षरं आणि वर्ष टाकायचं, की केस समोर येते. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला की पुढे तोच टाकत राहायचं. माझ्या मुलाने नंतर दोन मिनिटांत काढून दाखवलं. केसचा टप्पा लिहिला होता ‘एन.बी.डब्ल्यू. अनरेडी’. एन.बी.डब्ल्यू. म्हणजेच अजामीनपात्र वॉरंट. आडनाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहून बघा, कारकुनाने कसं टाइप केलंय सांगता येत नाही.

३ फेब्रुवारीला १२,५०० दिले, ‘वकील फी’. हे यूपीआयने. स्कॅन केल्यावर नाव आलं एका मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं. मी विचारलं. तो म्हणाला, “माझं अकाउंट जॉइंट आहे, बायको कटकट करते.” मी हसले. हसले! वकिलाची फी रिचार्जच्या दुकानात जमा होते आणि मी हसते.

आता ज्या दिवसाबद्दल मला स्वतःला थोबाडीत मारावंसं वाटतं, तो दिवस. १७ फेब्रुवारी, सोमवार, सकाळचे साडेअकरा. तीच टपरी. मी पुण्याहून पहाटेच्या एसटीने गेले होते, अर्ध्या तिकिटात. पर्समध्ये १८,००० होते, कारण ‘वरची सोय’ करावी लागेल असं तो म्हणाला होता. वरची म्हणजे काय ते मला कळत होतं. उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही. मी म्हटलं, “मला आत यायला नको का? सही वगैरे?” त्यावर तो कपाळावर आठ्या घालून म्हणाला, “आत पाऊल टाकलंत की तिथेच ताब्यात घेतील. तुम्ही टपरी सोडायची नाही.”

त्याच वेळी फाटकातून एक बाई बाहेर आली. हिरवी साडी, हातात गुंडाळलेला कागद, मागे तिची म्हातारी सासू. बाकावर माझ्या शेजारीच बसली, चहा मागवला आणि सासूला म्हणाली, “वॉरंट रद्द झालं बाई एकदाचं. पाचशे भरून घेतले. जज म्हणाले, पुढच्या तारखेला चुकवू नका.” माझ्याच कानाने ऐकलं. वॉरंटवाली बाई आत गेली होती, कोणी बेड्या घातल्या नव्हत्या, ५०० रुपये भरून बाहेर येऊन चहात खारी बुडवत होती. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानेही ऐकलं होतं. शांतपणे म्हणाला, “त्यांची केस वेगळी आहे.”

आणि मी १८,००० मोजून दिले. शेवटची नोट जरा फाटकी होती, ती त्याने बदलून घेतली.

२० तारखेला आणखी ८,०००, जामीनदाराचे. आदल्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी होती, म्हणून ‘काम रखडलं, आज अर्जंट’. मग २४ ला व्हॉट्सॲपवर कागद आला. वॉरंट रद्द केल्याचा आदेश, खाली जांभळा गोल शिक्का, न वाचता येणारी सही. मी देवापुढे साखर ठेवली. ॲपवर मात्र टप्पा तोच दिसत होता. विचारलं तर, “ॲपवाले सुस्त आहेत, महिना लागतो.” आठवड्याने पुन्हा विचारलं तर, “तीन महिने झाले की वॉरंट आपोआप संपतं, काळजी करू नका.” काहीही संपत नाही. कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत वॉरंट जिवंत राहतं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे.

११ मार्चला सकाळी दहाला दारात पोलीस. माझा पुण्याचा पत्ता त्यांना कसा मिळाला देव जाणे. बिचारा सभ्य होता, सोबत महिला कॉन्स्टेबल होती. मी तोऱ्यात मोबाईल पुढे केला, हा बघा आदेश. त्या मुलीने स्क्रीन मोठी केली, तारखेवर बोट ठेवलं. २२ फेब्रुवारी २०२५. “काकू, हा चौथा शनिवार. कोर्ट बंद असतं.”

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्ट बंद. मी तीस वर्षं मेसचा हिशोब कॅलेंडरवर लिहिणारी बाई.

त्यांनी सांगितलं, उद्याच्या उद्या स्वतः कोर्टात हजर व्हा, नाहीतर आम्हाला न्यावं लागेल. १२ तारखेला पहाटेची एसटी. या वेळी टपरीकडे न बघता आत शिरले. आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. तिथे एक तरुण वकील मुलगी बसली होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, वकीलपत्रावर सही कधी केलीत?” केलीच नव्हती. वकीलपत्राशिवाय कोणी माझ्या वतीने कोर्टात उभाच राहू शकत नाही. ती काही बोलली नाही, नुसता पेनचा टोपण काढघाल करत राहिली. मग म्हणाली, “बाईमाणसाला उत्पन्न किती हे न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ चा कायदा आहे, कलम १२. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?” कोण सांगणार? विधी सेवेचा १५१०० हा नंबर मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. लिहून ठेवा.

अर्ज झाला. दीड वाजेपर्यंत बाकावर बसून पुकाऱ्याची वाट बघितली. आत गेल्यावर जेमतेम चार मिनिटं. “इतके दिवस कुठे होतात?” विचारलं, पत्ता बदलल्याचं सांगितलं, नव्या घराचं वीजबिल दाखवलं. वॉरंट रद्द, ५०० रुपये खर्च, १५,००० चा जातमुचलका, पुढची तारीख. ५०० ची छापील पावती मिळाली. कलम १३८ मुळात जामीनपात्र आहे. वॉरंट अजामीनपात्र असलं म्हणून गुन्हा तसा होत नाही, हे मला चहाच्या टपरीवर कोण सांगणार होतं! आणि ‘रात्री घरातून उचलतील’ ही त्याची रोजची धमकी? बाईला सूर्यास्तानंतर नि सूर्योदयाआधी अटक करायची तर खास कारण आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

आता तक्रारीचं ऐका. तिथल्या पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, यूपीआय पुण्यातून केलंत ना, मग पुण्यात जा. पुण्यात म्हणाले, माणूस तिकडचा, कोर्ट तिकडचं, तिकडे जा. हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते असं त्याच नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं. ते मी छापून नेलं, तर साहेब म्हणाले, “मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका.” सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन केला, तर स्वतःच पिन टाकलात आणि बाकी रोख दिलेत, यात सायबर काय? बँकेने तेच वाक्य मराठीतून सांगितलं. वकिलांच्या संघटनेत गेले तर तो आमचा सभासदच नाही, वकिलीची सनदच नाही, आम्ही काय कारवाई करणार! अहो, सनद नसताना वकिली करणं हाच गुन्हा आहे ना, सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तर म्हणाले, “ते पोलिसांना सांगा.” पोलिसांना सांगितलं. मग एका अधिकाऱ्याने खुर्ची मागे रेलून विचारलं, “हे १८,००० कशाचे दिलेत म्हणालात?” मी गप्प. “लाच देणं पण गुन्हा आहे. बळजबरी झाली होती तर सात दिवसांत कळवायचं होतं.” सात दिवस! मला तर तो माणूस खोटा आहे हेच तीन आठवड्यांनी कळलं. शिवाय ते पैसे कुठल्या साहेबापर्यंत गेलेच नाहीत, टपरीवरच जिरले. तरी मान खाली मीच घातली. शेवटी साधा तक्रार अर्ज घेतला, आवक क्रमांक मागून मागून घेतला. तीन महिने झाले, ‘चौकशी चालू आहे’.

कोर्टातल्या दलालांची यादी करायचा कायदाही आता आलाय म्हणे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मलाही ५००, त्यालाही ५००.

रोख देऊ नका. दिलेच तर कोणासमोर तरी द्या. सनद क्रमांक विचारा, चिडला तर उठा. आदेशाची प्रत ॲपवर स्वतः उघडून बघा, व्हॉट्सॲपवर आलेली धरू नका. आणि तुम्हाला कोर्टाच्या बाहेरच थांबा म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

गेल्या तारखेला लवकर पोहोचले. टपरीवर तोच कोट, तेच हेल्मेट बाकावर. समोर धोतरातले एक म्हातारबाबा, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. मी सरळ गेले आणि त्याच्यादेखत बाबांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तो हेल्मेट उचलून, एक शब्द न बोलता, पार्किंगकडे निघून गेला. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांची बस चुकवली.

“पोरी,” ते म्हणाले, “तुझी केस वेगळी असंल.”

आणि पिशवी सावरत त्याच्या मागे गेले.