बाळाच्या श्रवणदोषासाठी सीटी की एमआरआय?
पुण्यात डेक्कनपासून हडपसरपर्यंत दोन्ही यंत्रे उपलब्ध असल्याने, कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऐकण्याच्या नसेला विद्युत संकेत देणाऱ्या, शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राचा) विचार करणारे पालक सहसा एवढेच विचारतात की, सीटी झाल्यावर एमआरआयचा खर्च कशाला. सीटीत हाड स्पष्ट दिसते: शंखाचे (आतल्या कानातील गोगलगायीसारख्या ऐकण्याच्या अवयवाचे) सुमारे अडीच वेढे पूर्ण आहेत का, श्रवणचेतेची, म्हणजे ऐकण्याच्या नसेची, शंखात शिरण्याची वाट 1.5 मिलिमीटरपेक्षा अरुंद आहे का, अंतर्कर्णनलिका (ही नस मेंदूकडे जाते तो हाडातला बोगदा) 2 मिलिमीटरहून बारीक आहे का, हे त्यावर मोजता येते. स्कॅन काही सेकंदांत आटोपतो; किरणोत्सर्ग मात्र होतो.

पण नलिका दिसली म्हणजे तिच्यातील नस दिसली असे नव्हे. रुंदी सर्वसाधारण असूनही श्रवणचेता नसू शकते, आणि ती नसेल तर इम्प्लांटचा लाभ फार मर्यादित राहतो. एमआरआयच्या तिरप्या छेदात पांढऱ्या द्रवात 4 काळे ठिपके दिसतात: पुढे वर चेहऱ्याची नस, तिच्याखाली श्रवणचेता, मागे तोल सांभाळणाऱ्या दोन नसा. लहान मुलाला त्यासाठी बहुधा औषध देऊन झोपवावे लागते, हे खरे. तरीही जन्मजात बहिरेपणात माझे झुकते माप एमआरआयलाच आहे. हाडाची रचनाच बिघडलेली असेल, तर शस्त्रक्रियेच्या आखणीसाठी सीटीही हवाच.