मॉन्टेसा कोटा ४आरटी २६० : साठी उलटलेल्या गुडघ्यांचा अभिप्राय

आधीच सांगतो, मॉन्टेसा या स्पॅनिश कंपनीच्या या ट्रायल्स मोटरसायकलला सीट नाही. बायकोने पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, "उरलेली कधी येणार?"

ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. ओढ्यातले गोटे, चिखलाचा चढ, झाडांची मुळं यांतून आखून दिलेल्या वाटेने उभ्याउभ्या गाडी काढायची. पाय एकदा टेकला की दंडाचा १ गुण, दोनदा टेकला की २, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी ३. गाडी पडली किंवा हद्दीबाहेर गेली की ५. ज्याचे गुण कमी तो जिंकला. वेगाशी देणंघेणं नाही, म्हणून इथे इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये साठी-सत्तरीतले गडीही दर रविवारी चिखलात दिसतात. मी त्यांच्यातलाच, मूळचा कोल्हापूरचा. इथल्याच सिल्सडनचा ट्रायल्सपटू डगी लॅम्पकिन इथल्या लोकांचा देव. त्याच्या सात मैदानी (आउटडोअर) विश्वविजेतेपदांपैकी शेवटची चार मॉन्टेसावरची. अर्थात त्याची ती गाडी टू-स्ट्रोक होती.

माझी २०१५ची, सेकंडहँड. २५९ सीसी, फोर-स्ट्रोक, आणि फ्युएल इंजेक्शन असूनही बॅटरी नाही. सगळं किकच्या जोरावर. किक सावकाश पण पूर्ण खालपर्यंत मारायची. अर्धवट मारली तर गुडघाही दुखतो आणि गाडीही सुरू होत नाही.

पैसे वसूल होतात ते कमी आरपीएमवर. फर्स्टमध्ये टाकून जेमतेम रेस दिली तरी ओल्या मुळांवरून मागचं चाक न घसरता गाडी बैलासारखी ओढत वर जाते. उतारावर अॅक्सिलेटर सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर एक बोट पुरे. तरुण पोरांना झटक्यात उसळणारी गाडी लागते. आपल्याला विचार करायला अर्धा सेकंद देणारी हवी. त्यासाठी मुठीत मंद उघडणारी अॅक्सिलेटरची नळी बसवून घेतली, म्हणजे मूठ तेवढीच फिरवली तरी रेस हळू वाढते, आणि हँडल थोडं उंच केलं. कंबर खूश आहे.

खटकतं ते वजन. पंचाहत्तर किलोच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण याच कामाच्या टू-स्ट्रोक गाड्या काही किलोंनी हलक्या असतात, आणि ओढ्यात आडवी झालेली गाडी उचलताना तेवढा फरक खांद्याला कळतो. व्हॉल्व्ह क्लिअरन्सचं, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट तपासून जुळवण्याचं कामही टू-स्ट्रोकवाल्यांना नसतं.

बाकी देखभाल सोपी, फक्त आळस चालत नाही. इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगवेगळं, दोन्ही थोडंच मावतं, म्हणून लवकर बदलावं. फोमचा एअर फिल्टर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवायचा. प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगवर मारू नये. मी बादली आणि जुना ब्रश वापरतो. मागच्या टायरात हवा ४-५ पीएसआय, पुढे थोडी जास्त. कारचा गेज इतकं कमी नीट दाखवत नाही, वेगळा घ्यावा.

सेकंडहँड बघायला गेलात तर गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक वर-खाली हलवा. खडखड झाली तर सस्पेन्शनच्या लिंकेजची (मागच्या जोडदांड्यांची) बेअरिंगं गेली, तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या. इंजिनाखालच्या पत्र्यावर ओरखडे असणारच, तो त्यासाठीच असतो. फ्रेमला चीर दिसली तर मात्र चहा पिऊन परत या.